संगीत नाटकात खून कसा पाडावा : मराठवाड्यातल्या हौशी रहस्यलेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकांची आवाहनं सुटली आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना रंग चढला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे बहुतेक लातूर, नांदेड, परभणी, बीडकडचे. कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं. सगळ्यांना हवं असतं एकच: नाटकाच्या प्रयोगात एक खून, त्याचा छडा लावणारं एक भोचक माणूस आणि वाचणाऱ्याला हसू. उत्तरं खाली दिली आहेत. पटली नाहीत तर आपल्या मनाचं करा. खून तुमचा आहे.

ऑपेरा हाऊसमधल्या खुनाच्या गोष्टी वाचल्यात. तसंच मराठवाड्यात कसं घडवू?

ऑपेरा हाऊस आणायचं कुठून? देशात टिकून राहिलेलं एकच, मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, पुढं कित्येक वर्षं ते बंद पडून होतं, २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. उदगीरच्या फौजदारानं तिथं जाऊन तपास करायचा म्हणजे आधी रजा मंजूर करून घ्यायची, आणि तोवर खुनी पेन्शनीत निघायचा.

आपल्याकडं संगीत नाटक आहे की. ऑपेरात बोलणंसुद्धा बहुतेक गाऊनच चालतं. संगीत नाटकात माणसं चांगली बोलत असतात, मधेच ऑर्गन सुरू होतो आणि पद येतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात शाकुंतलाचे पहिले चार अंक केले, तेव्हापासून हेच चालू आहे. रहस्य लिहिणाऱ्याचा फायदा असा की गद्य ठरल्या वेळात संपतं, पण पद किती वेळ चालेल हे गाणाऱ्यालाही माहीत नसतं. ‘नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी स्टेजवर होतो’ असं सांगणारा प्रत्येक साक्षीदार त्यामुळं आपोआप डळमळीत होतो. ऑपेराच्या लेखकांना हे सुख फुकट मिळत नाही.

मग खऱ्या ऑपेरातून घेण्यासारखं काहीच नाही?

भरपूर आहे, फक्त झुंबर आणि मखमल तिकडंच राहू द्या.

स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याच्यावर १६ मार्च १७९२ च्या रात्री स्टॉकहोमच्या ऑपेरा हाऊसमध्येच मुखवट्यांच्या नाचात गोळी झाडली गेली. २९ मार्चला तो गेला. मुखवटा त्यानंही घातला होता, पण छातीवरचं मानचिन्ह काढायचं सुचलं नाही, त्यावरून ओळखू आला. आपल्याकडं संस्थेचे अध्यक्ष अंधारातही शालीवरून ओळखू येतात, तेव्हा हा प्रसंग उचलायला हरकत नाही. पुढं व्हर्दीनं त्यावर ऑपेरा केला (१८५९), तर सेन्सॉरला राजाचा खून रंगमंचावर नको होता. मग गोष्ट स्वीडनमधून उचलून अमेरिकेतल्या बोस्टनला नेऊन ठेवली. नगरसेवकाला राग येईल म्हणून गोष्ट शेजारच्या तालुक्यात ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. परंपरा जुनी आहे.

पुचिनीच्या ‘तोस्का’त (१९००) नायकाला खोट्या गोळ्या घालायचं ठरतं आणि बंदुकीत निघतात खऱ्या. लेओनकावालोच्या ‘पालियाची’त (१८९२) फिरत्या नाटक मंडळीचा मालक खेळ चालू असताना स्टेजवरच बायकोला भोसकतो, आणि गावकऱ्यांना बराच वेळ तो अभिनयच वाटतो. ही दुसरी कल्पना आपल्या मातीत हमखास रुजते. आमच्याकडं स्टेजवर माणूस खरंच कोसळला तर पुढच्या चार रांगा टाळ्या वाजवतील आणि मागून कुणीतरी ‘वन्समोअर’ ओरडेल.

कथेत कुठल्या नाटकाचा प्रयोग दाखवू?

‘कट्यार काळजात घुसली’ सगळ्यांनाच सुचतं. दारुव्हेकरांच्या नव्हे, दारव्हेकरांच्या (नाव तेवढं नीट लिहा) या १९६७ च्या नाटकात कट्यारीला एक खून माफ आहे, म्हणजे हत्यार आणि परवानगी एकाच म्यानात. म्हणूनच नको. पहिल्या पानावर कट्यार दिसली की वाचक तिच्याकडंच बघत बसतो. ‘एकच प्याला’चंही तेच. प्याला दिसला की विष आलंच, आणि सुधाकर शेवटी तसाही मरतो.

माझं मत सौभद्राला. किर्लोस्करांचं हे १८८२ चं नाटक. त्यात कुणी मरत नाही, शेवटी लग्न लागतं, आणि नाटकभर माणसं वेष पालटून हिंडतात. अर्जुन संन्यासी होऊन येतो, घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून नेतो, आणि सगळ्याची सूत्रं हलवणारा कृष्ण काहीच माहीत नसल्यासारखा हसत असतो. राक्षसाच्या रंगाखाली नेमका कोण आहे हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. यापेक्षा चांगली सोय कुणी करून देणार नाही.

शोध लावणारं माणूस कोण असावं? निवृत्त पोलीस चालेल?

नको. निवृत्त पोलिसाला लोक आधीच वचकून असतात. ज्याच्याकडं कुणी बघत नाही असं माणूस घ्या. नाटकात असं माणूस म्हणजे प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून पुस्तक धरायचं, नट अडखळला की ओळ पुरवायची, आणि सत्काराच्या वेळी नारळसुद्धा मिळत नाही.

माझी प्रॉम्प्टर अक्का आहे. प्राथमिक शाळेतून निवृत्त, दोन सुनांची सासू, आणि सगळं नाटक तोंडपाठ. कोण कधी आत जातं, कोण कधी बाहेर येतं, कुणाची कुठली ओळ रोज चुकते, हे तिला दिसावं लागत नाही, ऐकू येतं. फौजदार आणि तिचं पहिलं बोलणं नमुन्यादाखल:

— अक्का, हे झालं तेव्हा तुम्ही कुठं होता?
— डाव्या विंगेत, सायेब. पुस्तक हातात, बोट ओळीवर.
— काय पाहिलंत?
— पाहिलं काहीच न्हाई. पुस्तकातून मान वर कामून काढू म्या? ऐकलं मात्र समदं.
— बरं, काय ऐकलंत?
— बलरामानं दोन वाक्यं गाळली.
— एवढंच?
— एवढंच म्हंता? आवो, ते माणूस एक वाक्य गाळणारं न्हाई. उलट पदरची चार घालतंय. आन् आज धापा टाकीत आलं, दोन खाल्ली आन् निघून गेलं. लिवून घ्या.

फौजदार लिहून घेत नाही. तिथं कथा सुरू होते.

सुगावे कसे पेरायचे? माझे सुगावे वाचकाला लगेच कळतात.

कळतात, कारण तुम्ही ते गंभीर चेहऱ्यानं पेरता. रुमाल, बटण, अर्धवट जळालेली चिठ्ठी. वाचक अशा वस्तू मोजूनच ठेवतो. विनोदी रहस्यात सुगावा विनोदात लपवायचा. ज्या गोष्टीवर वाचक हसला, ती तो तपासायला परत जात नाही. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

उदाहरण देतो. दुसऱ्या अंकात कृष्णाचं पद आहे. कृष्णाचं काम करणारा साखर कारखान्यातला कारकून. देखणा आहे, संस्थेला देणगी देतो, आणि वरच्या सुरात गेला की छपरावरची कबुतरं उडतात. त्या रात्री तो नेहमीपेक्षा बेसूर गातो. पद संपतं. सभागृहात सुटकेची शांतता. आणि शेवटच्या रांगेतून एक आवाज येतो, ‘वन्समोअर!’ वाचक हसतो. कृष्ण खूश होऊन पद पुन्हा म्हणतो. संपल्यावर पुन्हा तोच आवाज, ‘वन्समोअर!’ वाचक आणखी हसतो, ऑर्गनवाले मामा कपाळाला हात लावतात, प्रेक्षकांतली म्हातारी मंडळी चहाला उठतात.

आता पन्नास पानांनी अक्काला रात्री अंथरुणात प्रश्न पडतो: त्या पदाला वन्समोअर देईल असं या जिल्ह्यात आहे कोण? कुणीच नाही. म्हणजे तो पैसे देऊन बसवलेला माणूस. आणि त्या दोन वन्समोअरमुळं, कृष्ण स्टेजवर गात असताना, बलरामाला आठ-दहा मिनिटं जास्तीची मिळाली. मेकअपरूमपर्यंत जायला, अध्यक्षांचं काम उरकायला आणि धापा टाकत एन्ट्रीला परत यायला पुरेशी. तालमीच्या वेळापत्रकात ही मिनिटं कुठंच नाहीत, म्हणून सगळ्यांचे जबाब जुळतात आणि सगळे चुकीचे असतात. विनोद आणि पुरावा इथं एकच आहे. हे जमलं की बाकी कारागिरी.

असेच आणखी काही.

ऑर्गनचा भाता पायानं चालतो. पाय थांबले की सूर बसतो. म्हणजे ऑर्गन वाजतोय तोवर मामा जागेवर आहेत, याला साडेसातशे माणसं साक्षीला. त्यांच्याइतका निर्दोष माणूस आख्ख्या नाट्यगृहात नाही, म्हणून फौजदारानं आधी त्यांनाच धरावं. पण संस्थेनं भाडं वाचवायला ऑर्गनऐवजी कीबोर्ड आणला असेल तर सावध. तो आधी भरून ठेवलेलं वाजवू शकतो, आणि मामा चहा पिऊन येऊ शकतात.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद दाराआड वाजत राहतो. बाहेरच्यांना वाटतं बुवा सूर लावताहेत. बुवा तासापूर्वीच गेलेले असतात. मृत्यूची वेळ चुकवायला याहून सोपं साधन नाही, आणि आता तर मोबाइलवरच ॲप मिळतं.

आणि एक सुगावा खास आपला: ओली फरशी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तुमची कथा त्या उन्हाळ्यात घडत असेल आणि मेकअपरूमबाहेरची फरशी नुकती धुतलेली असेल, तर बाहेरगावचा तपास अधिकारी तिच्यावरून बूट वाजवत निघून जाईल. झाडणाऱ्या मावशी मात्र तिथंच थांबतील. ‘टँकर परवा आला. फरशीवर बादलीभर पाणी कुणाच्या बापानं ओतलं?’ रक्त धुतलंय हे तिथं सांगावंही लागत नाही.

लाइट घालवू का?

घालवा, पण एकदाच. आपल्याकडं लाइट जाण्याचं कुणाला नवल वाटत नाही, त्यामुळं अंधारात किंचाळी ऐकू आली तरी प्रेक्षक आधी जनरेटरवाल्याला शिव्या घालतील. दुसऱ्यांदा गेली की मात्र वाचक तुम्हाला घालतील.

विष की हत्यार?

हत्यार. विष लिहायचं तर त्याचा परिणाम, वेळ, व्हिसेरा, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं सांभाळावं लागतं, आणि अहवाल येईतो नाटकाचा पुढचा हंगाम उजाडतो. शिवाय विषाचं प्रमाण लिहिण्यात गंमत काहीच नाही. सौभद्रात बलरामाचा नांगर असतो, घटोत्कचाची गदा असते. पुठ्ठ्याची गदा नेमकी त्याच दिवशी जड का लागली, एवढं पुरे.

माणूस मेलाय. लोक हसतील कसे? बरं दिसत नाही.

मेलेल्या माणसावर हसवायचं नाहीच. त्याची बायको, त्याची मुलं, यांच्याजवळ विनोदानं फिरकू नये. हसू येतं ते जिवंत राहिलेल्यांचं.

अध्यक्ष मेकअपरूममध्ये मरून पडलेत आणि समितीची तातडीची बैठक विंगेत भरली आहे. विषय पत्रिका: तिकिटाचे पैसे परत द्यायचे का. एकाचं म्हणणं, दोन अंक झालेत, तर निम्मेच द्यावे. खजिनदार म्हणतो, वन्समोअर धरले तर अडीच झाले. सत्कारमूर्ती म्हणून अध्यक्षांचंच नाव स्मृतिचिन्हावर कोरून आणलंय. त्याचं काय करायचं, ‘कै.’ आता घालून मिळेल का? उपाध्यक्ष शोकप्रस्ताव मांडायला माइकवर जातात आणि सवयीनं सुरुवात करतात, ‘आजच्या या मंगल प्रसंगी...’. तेवढ्यात मुख्य पाहुणे येतात, दोन तास उशिरा, आणि त्यांना कुणी काही सांगायच्या आत दीपप्रज्वलन करून टाकतात.

बाहेरून बदलून आलेला अधिकारीही कामाला येतो. कँटीनवाला जबाबात सांगतो, ‘सायेब, त्या टायमाला ते सगळे माझ्याकडं सुशीला खात होते.’ अधिकारी पेन खाली ठेवतो. चुरमुऱ्याची सुशीला ज्यानं कधी खाल्ली नाही त्याला हे दुसरंच प्रकरण वाटणार. पण हा विनोद एका परिच्छेदापुढं ताणू नका.

पोलिसांचं काम किती खरं दाखवावं?

हसवायला लिहिताय म्हणून कागद चुकवायची मुभा नाही. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे. अजूनही ‘तीनशे दोन लावतो’ म्हणणारा हवालदार चालेल, कारण तोंडातून ते इतक्यात जाणार नाही. पण फिर्यादीच्या कागदावर नको. कथा त्या तारखेआधीची असेल तर ३०२ च बरोबर. संशयास्पद मृत्यू दिसला की सुरुवातीला बहुतेक आकस्मिक मृत्यूची नोंद होते, प्रेताचा इन्क्वेस्ट पंचनामा होतो (आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४), मग शवविच्छेदन.

पंच कोण होणार, यावर अर्धं प्रकरण निघतं. साक्षीला कोर्टात खेटे घालायला लागतील म्हणून साडेसातशे प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला एकदम लघवीला लागते. अक्का स्वतः पुढं येते, कारण पंच म्हणून सही करायची तर मेकअपरूम आतून बघायला मिळते. हौशी गुप्तहेराला घटनास्थळी शिरायला एवढा साधा, सरळ रस्ता असताना खिडकीतून उड्या मारायला लावू नका. आणि तिनं कशाला हात लावायचा नाही. नजर पुरते.

आमच्याकडं नाट्यगृह नाही. जत्रेत, मांडवात प्रयोग होतो. चालेल?

उत्तम. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, आणि मोजक्या दिवशी शासन बारापर्यंत परवानगी देतं. तुमच्या गावाला ती मिळालेली नाही असं धरा. दहा वाजून पाच मिनिटांनी बीट हवालदार माइक बंद करायला येतो, पडद्यामागं जातो आणि समोर प्रेत. त्याला बिचाऱ्याला फक्त भोंगा उतरवायचा होता.

निजामाच्या काळातली कथा लिहायची आहे.

लिहा. खूप कमी लोकांनी या खाणीला हात घातलाय. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, कारभार उर्दूत, आणि नाणंही वेगळं. संस्थानचा तो हाली रुपया, ब्रिटिश हद्दीतला तो कलदार. दोन्हींच्या किमतीत फरक. पुण्याहून आलेल्या नाटक मंडळीला बिदागी कलदारातच हवी असणार, आणि ठेकेदाराच्या गल्ल्यात हालीच जमणार. आता मेलेल्या व्यवस्थापकाच्या धोतराच्या कनवटीला कलदार सापडले, तर ते दिले कुणी? त्या गावात ते असतात कुणाजवळ? सावकाराजवळ. बघा, दोन ओळींत संशयित मिळाला.

रेल्वेही मदत करते. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज १९११ मध्ये लातूरला पोचली. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्याला कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावं लागे. मंडळी म्हणजे पडदे, कपडेपट, ऑर्गन, मुकुटांच्या पेट्या. त्या सगळ्या फलाटावर उतरणार, मोजल्या जाणार, पुन्हा चढणार. एकसारख्या दोन ट्रंकांची अदलाबदल व्हायला कुर्डुवाडीसारखी जागा नाही. शिवाय त्या काळात सुभद्राही पुष्कळदा पुरुषच करायचा, तेव्हा ‘बाईला पळताना पाहिलं’ या साक्षीला किंमत शून्य.

पदांच्या ओळी कथेत छापू का?

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडं स्वामित्वहक्क संपतो. किर्लोस्कर १८८५ साली गेले, गडकरी १९१९ साली. दारव्हेकर १९९९ साली, म्हणून कट्यारीला परवानगी लागेल; ती नाकारण्याचं आणखी एक कारण. ध्वनिमुद्रिकेचे हक्क वेगळे असतात. अभिवाचनाच्या व्हिडिओला मागं एखाद्या थोर गायकाचं रेकॉर्ड लावायचं मनात असेल तर आधी चौकशी करा. त्यापेक्षा तुमच्या कारकून-कृष्णाला गायला लावा, कथेला तेच शोभतं.

कथेचं नाटक करून राज्य नाट्य स्पर्धेत उतरवता येईल?

येईल. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी स्पर्धा वेगळी, संगीत नाटकांची वेगळी. कुठल्या प्रवेशिकेत बसतं ते आधी ठरवा. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा संहिता वेळेत पाठवा. एक व्यवहाराची सूचना: नाटकातल्या नाटकासाठी दोन प्रॉम्प्टर लागतील, एक खरा आणि एक पात्र. तालमीत खऱ्यानं पुरवलेली ओळ पात्रानं स्वतःची समजून प्रेक्षकांना ऐकवल्याचे प्रकार घडतात.

संवाद बोलीत लिहू की प्रमाण मराठीत?

अक्का बोलीत, फौजदार कागदावर प्रमाण आणि रागावला की बोलीत. पण लातूरकडचं बोलणं नांदेडच्या तोंडी घालू नका, आणि बोलीलाच विनोद समजू नका. अक्का हसवते ती ‘म्या’ म्हणते म्हणून नाही, ती बरोबर असते आणि कुणी ऐकत नाही म्हणून.

खुनाचं कारण काय दाखवू? प्रेम, जमीन, जुनं वैर?

जमिनीची भांडणं पेपरात रोज येतात. नाटकातल्या माणसाला नाटकातलंच कारण द्या. माझ्या बलरामाला वीस वर्षं अर्जुन करायचा होता आणि अध्यक्ष दर वर्षी पात्रयोजनेत स्वतःचं नाव घालत होते. हौशी संस्थेत काम केलेल्या कुणालाही हे कारण अपुरं वाटणार नाही. कोर्टात सरकारी वकिलाला ते पटवून द्यायला जड जाईल, पण तो भाग तुम्हाला लिहायचाच नाहीये.

आमच्याच संस्थेतल्या बुवांवर पात्र बेतलंय. त्यांनी ओळखलं तर?

गाव बदला, नोकरी बदला, पान खायची लकब काढून टाका, आणि गुन्हा तर त्यांच्या माथी मारूच नका. बाकी काळजी सोडा. तुमचे बुवा प्रयोगाला येतील, पहिल्या रांगेत बसतील, पोट धरून हसतील आणि मध्यंतरात तुम्हाला कोपऱ्यात घेऊन म्हणतील, ‘शेजारच्या तालुक्यातल्या त्या बुवाला बरोब्बर धरलंत हां!’